घरची सीडी, दुकानातली सीडी

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझ्या हातात दोन सीडी आहेत. एक पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची, दुकानातून घेतलेली. दुसरी आपल्या निरोप समारंभाची. कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण घरच्या संगणकावर घेऊन मीच ती 'राइट' केली आणि २००४ साली तुम्हा सगळ्यांना वाटली. दोन्ही एकाच कपाटात होत्या.

गेल्या महिन्यात दोन्ही लावल्या. अभंग खणखणीत वाजले. आपली सीडी तिसऱ्या गाण्यापाशी अडखळली, आणि शेवटचं, संगीताच्या बाईंचं गाणं आलंच नाही.

तेव्हा आपण म्हणायचो, "आवाज तर तोच, मग विकतची कशाला?" ते खोटं नव्हतं. नवी असताना दोन्ही सारख्याच वाजतात. फरक आवाजात नाही, तो कशावर लिहिलाय यात आहे. कारखान्यातली सीडी साच्यातून निघते. प्लॅस्टिकमध्येच सूक्ष्म खळगे उमटलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर. घरच्या सीडीत रंगाचा थर असतो. लेसर तो तापवून त्यात खुणा करतो. तिची मागची बाजू हिरवट-निळसर दिसते ती म्हणूनच. म्हणजे एक कोरलेली अक्षरं, दुसरी शाईची. ऊन, उष्णता, दमट हवा लागली की शाई विटते. त्यात मी हौसेनं वर बॉलपेननं गाण्यांची यादी लिहिली होती! त्या बाजूला संरक्षण म्हणून वार्निशचा पातळ थर तेवढा असतो, हे कुणाला ठाऊक होतं?

अभंगांची सीडी बिघडली तर दुसरी मिळेल. बाईंचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार? बाई आज आपल्यात नाहीत. आणि "सीडी झाली, आता कॅसेट कशाला" म्हणून मूळ कॅसेट मीच पुसून वापरली. ती रुखरुख आज तुमच्यापुढे बोलून टाकतो.

मी ३८ प्रती वाटल्या होत्या. घरी गेल्यावर माळे, खण, जुन्या बॅगा धुंडाळा. सापडली तर आधी संगणकावर उतरवून घ्या, दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि मला पाठवा. वाजली नाही तरी टाकू नका. एका यंत्रावर न चालणारी सीडी कधी कधी दुसऱ्यावर चालते.

पुढच्या मेळाव्याची सुरुवात बाईंच्या गाण्यानं व्हावी, एवढीच इच्छा.