जयपूरचा पाचू, दुबईचा पत्ता



जयपूरच्या जोहरी बाजारातला बहुतेक पाचू जांबिया, कोलंबिया, ब्राझीलहून येतो. जयपूरचं असतं ते काम. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे शहर वसवलं, जवाहिरे आणि कारागीर आणून बसवले. त्या गल्ल्यांत आजही खड्यांना पैलू पाडले जातात.

पैलू पाडलेला सुटा पाचू अमेरिकेत एरवी बिनजकातीचा जाई. 2025 मध्ये 7 ऑगस्टला भारतीय मालावर 25 टक्के जकात बसली. भारत रशियन तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टला आणखी 25 बसली. त्याच वेळी थायलंडला 19 टक्के होती आणि दुबईला अवघी 10. शिवाय अमिरातीशी आपला करार 1 मे 2022 पासून लागू आहे. आपले दागिने तिथे बिनजकातीचे जातात. मग व्यापाऱ्याच्या मनात दुबई येणारच.

पण नुसतं दुबईच्या पत्त्यावरून माल धाडून भागत नाही. अमेरिकी कस्टम्स विचारतं, वस्तूचं रूप कुठे पालटलं? जयपूरला पैलू पाडलेला खडा दुबईत डबीत भरला तरी तो भारतीयच. तोच खडा बँकॉकला चांदीच्या अंगठीत जडवला, तर अंगठी थायलंडची ठरू शकते. म्हणून हलते ती शेवटची पायरी: जडावकाम, पॉलिश, बिल. खड्याचं काम मागेच राहतं, कारण तो हात चार महिन्यांत तयार होत नाही. पाचू ठिसूळ, आत भेगा. पहिला काप कुठे द्यायचा हे कळायलाच वर्षं जातात.

या वाटाही कायमच्या नसतात. 2003 मध्ये अमेरिकेने ब्रह्मदेशाच्या मालावर बंदी घातली, तरी तिथलं माणिक दुसऱ्या देशात पैलू पाडून गेलं तर चालत होतं. 2008 च्या कायद्याने तीही पळवाट बुजवली, आणि बंदी उठायला 2016 उजाडलं. कारखाना उभारायला वेळ लागतो; जकात एका सहीने बदलते. म्हणून शहाणा व्यापारी यंत्रं हलवत नाही, परदेशात भाड्याची छोटी जागा घेऊन ठेवतो. मला तरी यात पळ काढणं दिसत नाही, सावधपणा दिसतो.

आपल्या मुंबईतल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातही या जकातीची धास्ती होती. तिथल्या हिरेजडित दागिन्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच.

मालकाला दुबई आहे, बँकॉक आहे. जयपुरातल्या रामगंजच्या खोलीत नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला यांतलं काहीच नाही. ऑर्डर थांबली की त्याची चूल त्याच आठवड्यात अडते. निर्यातदारांना कर्जाच्या व्याजात सवलत जरूर द्यावी, पण दिल्लीने आणि जयपूरने आधी या कारागिराच्या बुडालेल्या मजुरीची सोय करावी.