खारेपाटातील शास्त्राभ्यास : ख्रिस्ती मंडळी आणि तिचे शब्बाथ पाळणारे शेजारी

ख्रिस्ती परंपरेत ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी वापरला जात नाही. एका ठिकाणी उपासनेसाठी नियमाने जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला मंडळी म्हणतात, आणि या समुदायाचे शिक्षण साधारणपणे तीन ठिकाणी चालते : रविवारच्या उपासनेत पाळक देतात त्या उपदेशात, मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथशाळेत आणि आठवड्यात एखाद्या घरी होणाऱ्या प्रार्थनासभेत. या तिन्हींपैकी उपदेश ऐकण्याची सवय सर्वांत पक्की असते आणि स्वतः उतारा उघडून त्यावर विचार करण्याची सवय सर्वांत कच्ची. या दुसऱ्या सवयीसाठी पेण-रोह्याकडे एक शब्द तयारच आहे : स्वाध्याय कार्याचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्याचा, आणि त्यांच्या कार्यामुळे ‘स्वाध्याय’ हा शब्द या परिसरात सर्वांच्या ओळखीचा झाला. श्रवणाला स्वतःच्या अध्ययनाची जोड हवी, हा त्या शब्दातला आग्रह बायबलच्या अभ्यासालाही तंतोतंत लागू पडतो.

पेण आणि रोहे या भागात बायबल शिकवणाऱ्याला एक अशी अनुकूलता लाभली आहे, की जिची पुरेशी दखल येथील ख्रिस्ती शिक्षणाने घ्यायला हवी. भोगावती आणि कुंडलिका या नद्यांच्या परिसरात मिशनऱ्यांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलाची संतती’ असे स्वतःला म्हणवणारा मराठी भाषक यहुदी समाज राहत होता. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे येथल्याच गावांवरून पडली आहेत, आणि तेल गाळणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा व्यवसाय असून शनिवारी ते घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजारच्या लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते, ते वाचता येणारे कोणी उरले नव्हते, तरी शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, सुंता, आहाराचे काही नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढ्या गोष्टी या समाजाने जपल्या. परमेश्वर एकच आहे हे इस्राएलाने ऐकावे, असा शमाचा आशय असून तो बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आहे.

याच अध्यायात शमाच्या लगेच पुढे शिक्षणाविषयीची आज्ञा येते : ही वचने मुलाबाळांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांच्याविषयी बोलावे. येथे शिक्षकाची जागा आईबापांना दिली आहे आणि शाळेची जागा उंबरठ्याला. पुरोहित आणि पोथी या दोहोंशिवाय कोकणातल्या एका समाजाने ही आज्ञा पिढ्यान्‌पिढ्या निभावली, याहून चांगले उदाहरण मंडळीतील पालकांपुढे ठेवण्यासारखे दुसरे नाही. दहा आज्ञांपैकी चौथी, म्हणजे शब्बाथाची, आज्ञा शिकवताना सीनाय पर्वताचे चित्र दाखवण्याआधी रोह्यातल्या शब्बाथशाळेत शिक्षकाने शनिवारी थांबलेल्या घाण्याविषयी सांगावे. बाजारात गिऱ्हाईक असूनही बैल सोडून ठेवणाऱ्या तेल्याचे त्या दिवशी किती नुकसान होत असेल हा प्रश्न मुलांना विचारला, की आज्ञापालनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुलांच्या रविवारच्या वर्गाला मराठी ख्रिस्ती समाजाने ‘शब्बाथशाळा’ म्हणावे, आणि मूळ शब्बाथ मात्र शनिवारी, याच नदीकाठी, पाळला जात असावा, या योगायोगाचे मोल शिक्षकाला कळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात या दोन समाजांची गाठ पडली ती शाळेत. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत काम करीत होते, स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ पासून दक्षिण कोकणात पाय रोवले, आणि त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, त्यांच्यातील काही शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले ते मुख्यतः या समाजासाठी. धर्मांतराचा हेतू त्यामागे होता हे लपवण्याचे कारण नाही. तथापि बेने इस्राएलांनी मिळालेली विद्या घेतली, ती आपल्याच धर्माच्या दृढीकरणासाठी वापरली आणि त्यांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तन मंडळी उभी राहिली आणि रोह्यासमोरच्या अष्टमीचे नाव आडनावात वागवणारे बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहामाचे चरित्र कीर्तनात गुंफले. अहमदनगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होतेच, आणि नंतर नारायण वामन टिळक यांनी ते पुढे नेले. म्हणजे एकाच ग्रंथातील कथा दोन धर्मसमाज एकाच मराठी पद्धतीने, पूर्वरंग-उत्तररंगासह सांगत होते. मराठी ख्रिस्ती शिक्षणात कीर्तनाची जागा आज पाश्चात्य चालीच्या गाण्यांनी व्यापली आहे, ही हानीच होय.

१९४८ नंतर बेने इस्राएलांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. पेणचे सिनेगॉग, म्हणजे त्यांचे प्रार्थनामंदिर, त्यांची आठवण सांगत उभे आहे. ज्याला ख्रिस्ती लोक ‘जुना करार’ म्हणतात तो या शेजाऱ्यांचा जिवंत, संपूर्ण धर्मग्रंथ आहे, हे भान ठेवून तो शिकवला गेला, तर परूशी आणि शास्त्री, म्हणजे येशूच्या काळातील यहुदी धर्मशिक्षक, यांच्याविषयी बोलताना वर्गात सहज उमटणारा तुच्छतेचा सूर आपोआप मावळेल.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी बोलायचे तर सर्वांत मोठा दोष सुट्या वचनांचा. मुलांकडून ‘सोनेरी वचन’ पाठ करून घेतले जाते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक वचन असते, आणि त्यामुळे वचनाला मागचे-पुढचे काही असते हेच विसरले जाते. येशूने शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन घ्यावे. ‘मिठाने चव येते, तसे ख्रिस्ती माणसाने व्हावे’ एवढ्यावर बहुतेक उपदेश संपतात. पेण तालुक्यातील खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या, भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या भातजमिनीच्या पट्ट्यात, हे स्पष्टीकरण अपुरे ठरते, कारण येथे मीठ हे पीकही आहे आणि शत्रूही. मिठागरात ज्याच्यावर पोट चालते तेच मीठ, बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडून भरतीचे पाणी आत आले की शेत नापीक करून टाकते. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, ते बाहेर काढले तरी जमीन गोडी व्हायला पुढचे पावसाळे जावे लागतात. असा शेतकरी मंडळीत बसलेला असताना शिक्षकाने बायबलमधील मिठाचे निरनिराळे उल्लेख एकत्र मांडावेत : लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अर्पणाला मीठ लावण्याचा नियम आहे, शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात अबीमलेख जिंकलेल्या शखेमावर मीठ पेरतो, दुसरे राजे या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अलीशा मिठाने यरीहोचे पाणी निरोगी करतो, आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात बेचव मीठ जमिनीच्याही कामाचे नाही व उकिरड्याच्याही नाही असे येशू सांगतो. मीठ बेचव कसे होते या प्रश्नावर भाष्यकार सांगतात, की मृत समुद्राकाठच्या मिठात इतर क्षार मिसळलेले असत आणि ओलीने मीठ निघून गेल्यावर नुसता साका उरे. न झाकलेली रास वळवाच्या सरीत विरघळून खाली चिखल राहिलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हे भाष्य वाचावे लागत नाही. एका शब्दावर तासभर अशी चर्चा झाली, तर ऐकणारा स्वतः बोलू लागतो आणि शिक्षकाला त्याच्याकडून शिकता येते.

या कामासाठी मराठीत साधने आहेत. विल्यम कॅरी यांचा नवा करार सेरामपूरला १८११ मध्ये मोडी लिपीत छापला गेला, अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये मुंबईत निघाला. बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीतून टीका, म्हणजे स्पष्टीकरणपर भाष्य लिहिले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर मृत्यूपूर्वी पुरे केले आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्तिसदनात छापून निघाले. आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या भाषेत आहे. एकच उतारा दोन भाषांतरांतून मोठ्याने वाचणे आणि शब्द कोठे बदलला हे विचारणे, ही अभ्यासाची सर्वांत स्वस्त व सर्वांत फलदायी रीत होय. तिच्यासाठी पदवी लागत नाही, दोन प्रती लागतात.

चातुर्मासात एखादा ग्रंथ सलग लावण्याची महाराष्ट्राची जुनी रीत ख्रिस्ती मंडळीनेही उचलावी. मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत. जूनच्या पहिल्या रविवारी पहिला अध्याय आणि पुढे दर रविवारी एक असे घेतले, तर पेरणाऱ्याचा दाखला असलेला चौथा अध्याय जूनच्या अखेरीस येतो, जेव्हा खारेपाटात रहू पद्धतीने मोड आलेले भात चिखलात फेकून पेरण्याचे दिवस असतात. ज्यात येशू सर्वांत पहिली आज्ञा म्हणून शमाच सांगतो तो बारावा अध्याय ऑगस्टात येतो. आणि सप्टेंबरात, भात पोटरीला आलेले असताना, शुभवर्तमान पुरे होते. पेण-रोह्याच्या मंडळ्यांनी येत्या पावसाळ्यात घरोघरी हे वाचन सुरू करावे, आणि पहिल्या दिवशी पाळकाऐवजी घरातल्या सर्वांत लहान वाचकाच्या हाती पुस्तक द्यावे.