आपला कागद आपल्या हातात

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुम्हा सगळ्यांचं अभिनंदन, आणि मागे उन्हात उभ्या असलेल्या आईवडिलांचंही. तुमच्यातले काही शारीरिक शिक्षणाचे, काही फिजिओथेरपीचे, काही क्रीडा व्यवस्थापनाचे. म्हणजे उद्या कुठल्या ना कुठल्या मुलीच्या खेळात तुमचा हात असणार. मी आज आले ती त्याचसाठी.

मी गंगावेशीची. घरी म्हशी होत्या. संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. कोल्हापुरात फुटबॉलची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नसते, आणि हरलेल्या पेठेत त्या रात्री जेवण गोड लागत नाही. पण मुलगी मैदानात उतरली की तीच पेठ विचारायची, "हिला कोण खेळायला सोडतंय?" माझ्या वडिलांनी सोडलं. म्हणाले, "खेळ की. पण धारेच्या वक्ताला घरात पायजेस."

माझे पहिले बूट चुलतभावाचे होते, दोन नंबर मोठे. पुढं चिंध्या कोंबायच्या आणि नाडी घोट्याभोवती दोनदा फिरवायची. पुढं स्वतःच्या पैशानं बूट घेतले तेही मुलांचेच, कारण दुकानात दुसरे नव्हतेच. बाईच्या पावलाची घडण वेगळी असते, टाच अरुंद असते, हे जगाला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी नायकेसारख्या कंपनीनं बायकांच्या पायाचा विचार करून फँटम लुना हा बूट बाजारात आणला तो २०२३ मध्ये. तोवर माझा गुडघा गेला होता. बुटामुळंच गेला असं मी म्हणणार नाही, गुडघ्याला अनेक कारणं असतात. पण त्याच वर्षीच्या विश्वचषकाला बेथ मीड, विवियान मिडेमा आणि लिया विल्यमसन या एकट्या आर्सेनलच्या तिघी मुकल्या, आणि तिघींचंही गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंटच फाटलं होतं. या दुखापतीचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आहे. फिजिओ होणाऱ्यांनो, हे तुमच्या पुस्तकात असेल. आमच्या शिबिरात मात्र कुणाच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही.

आमच्या वेळी स्ट्रायकर होणं म्हणजे काय, हे थोडं सांगते. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत सहा संघ दिल्लीत जमले आणि तीन आठवड्यांच्या आत सगळं आटोपलं. स्ट्रायकरला लय सापडायला सात-आठ सामने लागतात. आम्हाला लय सापडेपर्यंत परतीची गाडी लागलेली असायची. राज्याच्या संघातून खेळायला जाताना आम्ही संडासाच्या दाराशी बॅगांवर बसून दीड दीड दिवसाचा प्रवास केला आहे, आणि उतरल्यावर त्याच दुपारी मैदानात उतरलो आहोत. मग गोल झाला नाही की संघाबरोबर आलेले साहेब विचारत, "आज काय झोपली होतीस का?" झोपलेच नव्हते, हे त्यांना सांगायची हिंमत तेव्हा नव्हती.

परदेशाची वाट आमच्या आधीच्यांनी पाडली. बेमबेम देवी २०१४ मध्ये मालदीवला खेळल्या. आदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमची गोलकीपर झाली. बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली, आणि त्या डिसेंबरात तिनं मदरवेलविरुद्ध गोल केला तेव्हा आमच्या कट्ट्यावर मी अनोळखी गिऱ्हाइकांना फुकट दूध पाजलं. मी गेले ती त्यांच्या मागून आणि बऱ्याच खालच्या पायरीवर: २०२२ च्या सुरुवातीला, स्वीडनच्या तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडे.

गाव उत्तरेकडचं. जानेवारीत दुपारी अडीचला अंधार. मैदान प्लॅस्टिकच्या गवताचं, त्यात पेरलेले काळे रबराचे दाणे मोज्यांत जायचे आणि रात्री अंथरुणात सापडायचे. दिवसा मी एका शाळेच्या मुदपाकखान्यात भांडी घासायची, संध्याकाळी सराव. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी मला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवली: बॉल नसताना पळायला. कोल्हापुरात स्ट्रायकर बॉलची वाट बघतो. तिथं समोरच्या बचावपटूनं बॉल कुणाकडं द्यायचा हे स्ट्रायकरनं पळून ठरवायचं. पहिल्या सामन्यात मी तासभर अशी पळाले आणि बॉलला जेमतेम पाच-सहा वेळा पाय लागला. तरी सामना संपल्यावर बाईंनी पाठ थोपटली. गोल न करता माझी पाठ कुणी थोपटली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

तिथून एकदा बसनं उमेओला गेले. मार्टा ज्या क्लबकडून खेळली आणि जो २००३ व २००४ मध्ये युरोपचा विजेता ठरला, तो याच गावचा. एवढंसं गाव, आणि जगातली सगळ्यात मोठी स्ट्रायकर पाच वर्षं तिथं राहिली. मी मैदानाच्या कुंपणाला हात लावून परत आले.

पहिला गोल मे महिन्यात झाला. पाऊस, बोचरं वारं, कडेला तीस-चाळीस माणसं. डावीकडून आलेला बॉल मी डाव्या पायानं ठेवला आणि उजव्यानं मारला. गोलकीपरच्या बोटाला लागून आत गेला. घरी फोन केला तर वडील धार काढत होते, म्हणाले, "थांब, चरवी ठेवतो." ठेवली, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ऑगस्टमध्ये गुडघा निसटला. कुणी धक्का दिला नव्हता, मी फक्त वळले होते. तिथल्या फिजिओनं मला टेबलावर निजवलं, मांडी एका हातात, पोटरी दुसऱ्या हातात धरली, हळूच पुढं ओढली आणि थांबली. विचारलं, "हा आधी दुखावला होता?" मी म्हटलं, वर्षापूर्वी शिबिरात सुजला होता, एमआरआय काढला होता, सांगितलं होतं की लचकलाय, बर्फ लाव. ती म्हणाली, "रिपोर्ट दाखव."

रिपोर्ट माझ्याकडं नव्हता. मी तो कधी बघितलाच नव्हता. तो संघाच्या व्यवस्थापकांच्या बॅगेत गेला आणि तिथंच राहिला. आणि मीही कधी मागितला नाही.

पुढचं सांगायला आजही जड जातं. क्लब म्हणाला, दुखापत जुनी आहे, खर्च आमच्यावर नाही. करारात तसं कलम होतं. करार स्वीडिशमध्ये होता. सही करताना मला एका पानाचा इंग्रजी सारांश दिला होता, त्यात ते कलम नव्हतं. शेवटचे तीन पगारही आले नाहीत. फिफाच्या नियमांप्रमाणं दोन पगार थकले की खेळाडूनं लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, मग करार मोडता येतो, आणि दाद मागायला दोन वर्षं मुदत असते. गरोदर खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा, हाही नियम २०२१ पासून आहे. आइसलँडच्या सारा ब्योर्क गुन्नार्सडोत्तिरनं त्याच्या बळावर लिऑनसारख्या क्लबकडून थकलेला पगार मिळवला. मला यातला एकही नियम ठाऊक नव्हता. ठाऊक झाला तेव्हा मुदत टळून गेली होती.

त्याच ऑगस्टमध्ये गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, आणि फिफानं भारतीय महासंघावर बंदी घातली म्हणून न खेळता परतल्या. बंदी त्याच महिन्यात उठली, पण त्यांची स्पर्धा हुकली ती हुकलीच. मी गुडघ्याला पट्टा बांधून ती बातमी वाचली. त्यांची चूक काय होती? काहीच नाही. कुठल्यातरी खोलीत कागद हलले आणि वर्षभर घाम गाळलेल्या मुली ताश्कंदमध्ये बसून राहिल्या.

परत आल्यावर शस्त्रक्रिया झाली. मग एके दिवशी कुबडी घेऊन, शिबिरात असताना जिथं एमआरआय काढला होता त्या स्कॅन सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलानं तारीख विचारली, संगणकात बघितलं, दोन मिनिटांत प्रत काढून दिली. माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, वय बरोबर होतं. खाली दोन ओळी: लिगामेंट अर्धवट फाटलेलं आहे, विश्रांती आणि तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक. तिथल्या बाकड्यावर बसून मी त्या दोन ओळी किती वेळा वाचल्या, सांगता येणार नाही. त्या शिबिरानंतर मी त्याच गुडघ्यावर एकोणीस सामने खेळले होते.

म्हणून तुमच्याकडं माझं मागणं एवढंच. तुम्ही प्रशिक्षक असा, फिजिओ असा, व्यवस्थापक असा. मुलीचा कागद मुलीच्या हातात द्या. रिपोर्ट असो, करार असो, विम्याची पावती असो. तिला तो वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवा. तिला घाई असली तरी, तिचे वडील "साहेब म्हणतील तसं" म्हणाले तरी. हे मी आज दहा वेळा सांगेन, रागावलात तरी चालेल.

जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं आणि मैदानावर खेळून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. संगीता बासफोरचे दोन्ही गोल मी कितीदा बघितले असतील. आता परदेशातून मुलींना बोलावणी वाढतील. मी आता मुलींना फुटबॉल शिकवते; आमच्या सरावाला येणाऱ्या एकीला गेल्याच आठवड्यात बोलावणं आलं आहे, सतरा पानांचं, आणि तिची आई ते पिशवीत घालून माझ्याकडं घेऊन आली.

आमच्याकडं आता पस्तीस मुली आहेत. प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची फाइल आहे, ती तिच्याच घरी असते. सकाळी सहाला सराव सुरू होतो. मला एक फिजिओ हवी आहे, आणि करारातली भाषा समजणारं एक माणूस. पगार थोडा आहे. तो लेखी असेल आणि त्याची प्रत पहिल्या दिवशी तुमच्या हातात असेल. कार्यक्रम संपला की मी बाहेर पायरीवर थांबते.