ऐकणारा मित्र
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठासाठी आजचा विषय मंगल नाही, याची पूर्ण जाणीव ठेवूनच तो येथे मांडला जात आहे. आनंदाच्या प्रसंगी मृत्यूचे नाव काढू नये, असा आपल्याकडील संकेत आहे. तथापि ज्या मुलामुलींसाठी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि गुणगौरव समारंभ योजिले जातात, त्यांच्यापैकीच एखादे मूल आतल्या आत खचत असेल आणि घरात कोणालाही त्याचा मागमूस नसेल, तर त्याविषयी बोलण्यास याहून योग्य जागा कोणती?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वाधिक आकडा आपल्या महाराष्ट्राचा, १,७६४ इतका होता. व्यापारी समाजाला भागाकार शिकवावा लागत नाही. देशात दररोज पस्तीसहून अधिक आणि एकट्या महाराष्ट्रात जवळजवळ पाच विद्यार्थी. हे केवळ नोंदलेले आकडे आहेत. अब्रूच्या भीतीने अपघात म्हणून दाखविलेले मृत्यू यात धरलेले नाहीत.

निकालाच्या दिवसांत अशा बातम्या आल्या की परीक्षेवर बोट ठेवून सर्वजण मोकळे होतात. परीक्षेचा ताण खराच आहे. परंतु घरातील कलह, मोडलेले प्रेमप्रकरण, वर्गात झालेली टवाळी, मोबाईलवर पसरलेले एखादे छायाचित्र, व्यसन आणि ज्याला वैद्यकशास्त्र नैराश्याचा आजार म्हणते तो आजार, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. कापडाचे ठाण वरून कितीही स्वच्छ दिसले, तरी आतला डाग ते उलगडल्यावाचून दिसत नाही. प्रश्न असा की किशोरवयीन मूल आपले मन उलगडते कोणापुढे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडमधील एक हकीकत सांगणे आवश्यक आहे. १९३५ साली चॅड वराह नावाच्या तरुण धर्मोपदेशकावर लिंकन येथे एका चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीची जबाबदारी आली. त्या मुलीला नुकतीच मासिक पाळी सुरू झाली होती. तिला त्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. आपल्याला एखादा लाजिरवाणा रोग जडला आहे अशी तिची समजूत झाली आणि तिने आपले जीवन संपविले. विचारण्याजोगे एक माणूस तिला मिळाले असते, तर पाच मिनिटांत दूर होणारी ती भीती होती. वराह यांच्या मनातून ती मुलगी पुढे कधीच गेली नाही.

अठरा वर्षांनंतर, नोव्हेंबर १९५३ मध्ये, लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी एक दूरध्वनी सेवा सुरू केली. जीवन नकोसे झालेल्या कोणीही तेथे बोलावे, एवढाच हेतू. सहज लक्षात राहील म्हणून त्यांना 'मॅन्शन हाऊस ९०००' हा क्रमांक हवा होता. चौकशीअंती तो त्याच चर्चचा आधीपासूनचा क्रमांक निघाला. वृत्तपत्रांतून माहिती पसरताच माणसे प्रत्यक्षही येऊ लागली. वराह एकटे, येणारे अनेक. तेव्हा काही सामान्य स्त्री-पुरुष मदतीला आले. त्यांचे काम एवढेच, की बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा द्यावा आणि त्यांच्याजवळ बसावे. थोड्याच दिवसांत वराह यांच्या ध्यानात आले की त्या चहाच्या पेल्याबरोबर बोलून झाल्यावर पुष्कळांना आत येऊन त्यांना भेटण्याची गरजच उरत नाही. ऐकणाऱ्यांकडे कसलीही पदवी नव्हती. ते मध्येच तोडत नव्हते, उपदेश करीत नव्हते आणि ऐकलेले इतरत्र सांगत नव्हते. फेब्रुवारी १९५४ मध्ये वराह यांनी ऐकण्याचे कार्य या स्वयंसेवकांच्या हाती सोपविले. 'समॅरिटन्स' या नावाने ही संस्था आजही कार्यरत आहे. भारतात चेन्नई येथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली 'स्नेहा' ही संस्थाही प्रशिक्षित स्वयंसेवकांच्याच बळावर उभी आहे.

वराह यांच्या त्या मुलीला आईजवळ बोलता आले नाही. आजचे मूल तरी बोलते का? वडील रात्री दुकान वाढवून घरी येतात. जेवताना एकच प्रश्न असतो, "अभ्यास झाला का?" मूल "हो" म्हणते आणि संभाषण संपते. यात वडिलांचे प्रेम कमी आहे असे नव्हे. ते राबतात ते मुलासाठीच. परंतु त्याच रात्री साडेअकरा वाजता ते मूल मित्राला मोबाईलवर लिहिते, "कंटाळा आलाय सगळ्याचा." घरापूर्वी मित्राला कळते. तो मित्रही पंधराच वर्षांचा असतो. तो घाबरतो, थट्टेवारी नेतो किंवा कोणाला न सांगण्याची शपथ घेतो आणि ती इमानाने पाळतो. दुर्घटनेनंतर "मला माहीत होतं" हे शब्द आयुष्यभर वागविणारी मुले असतात.

म्हणून त्या मित्राला तयार करणे, हा समवयस्क समुपदेशनाचा गाभा आहे. हा शब्द मोठा जड आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला समुपदेशक म्हणणे खरे तर चुकीचेच. त्याला ऐकणारा मित्र म्हणावे. त्याने रोग ओळखायचा नाही, औषध सांगायचे नाही, कोणाला वाचविण्याची जबाबदारी एकट्याने खांद्यावर घ्यायची नाही. त्याने पाहायचे, विचारायचे, ऐकायचे आणि विश्वासू मोठ्या माणसापर्यंत पोहोचवायचे.

काय पाहायचे? नेहमी घोळक्यात असणारा मुलगा एकटा बसू लागला, झोप उडाली, आवडीची वस्तू वाटून टाकू लागला, "मी सगळ्यांना ओझं झालोय" असे बोलू लागला, तर ती खूण समजायची. विचारायचे कसे, हे उदाहरणानेच सांगणे बरे. समजा, दहावीतील दोन मित्र मधल्या सुट्टीत बसले आहेत.

"चार दिवस झाले, तू डबा तसाच परत नेतोयस. काय झालंय?"

"काही नाही रे."

"बरं. नको सांगूस. मी बसतो इथेच."

पुष्कळदा या बसण्यानेच तोंड उघडते. त्यानंतर "अरे, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास", "शेजारच्या मुलाकडे बघ", "देवाचं नाव घे" ही तिन्ही वाक्ये वर्ज्य. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती इतकी बसली आहेत की मुलांपेक्षा आपल्यालाच हे प्रशिक्षण अवघड जाईल. आणि शंका आलीच तर आडवळण न घेता विचारायचे, "जगणं नको असं वाटतंय का तुला? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?"

येथे सभागृहातील अनेकांच्या कपाळावर आठी उमटली असेल. विषय काढल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर याचीच तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारले, त्यांची अस्वस्थता न विचारलेल्यांपेक्षा वाढली नाही. विचारण्याने बीज पेरले जात नाही.

आता सर्वांत अवघड वळण. मित्र म्हणतो, "घरी सांगू नकोस, शप्पथ घे." ऐकणाऱ्या मित्राने येथे शपथ घ्यावयाची नसते. इतर गुपिते जपावीत. जिवाचे गुपित जपू नये. त्याने म्हणावे, "शप्पथ नाही घेणार. पण तुला एकट्यालाही सोडणार नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव, मी बरोबर येतो." मामा, मोठी बहीण, वर्गशिक्षिका, कोणीही चालेल. धोका समोर दिसत असेल तर त्याच क्षणी, परवानगीची वाट न पाहता.

हे केवळ सद्‌भावनेचे बोलणे नव्हे. युरोपातील दहा देशांमधील १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थी यांचा समावेश असलेला एक अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण दिले, काहींत तज्ज्ञांकरवी विद्यार्थ्यांची चाचणी करविली आणि काहींत खुद्द विद्यार्थ्यांनाच नाट्यछटांसारख्या प्रसंगांतून ताण, नैराश्य व मित्राला मदत हे विषय शिकविले. वर्षानंतर या शेवटच्या गटातील आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, नुसती भित्तिपत्रके लावलेल्या शाळांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा तसा ठळक परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील अठरा शाळांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या शाळांतील प्रशिक्षित विद्यार्थी-मित्रांनी आपल्या संकटग्रस्त सोबत्याला मोठ्यांपर्यंत नेण्याचे प्रमाण चौपट आढळले. मात्र हिशेब चोख असावा, म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या अभ्यासांनी प्रयत्न, विचार आणि मदत मागण्याची वृत्ती मोजली. प्रत्यक्ष मृत्यू किती घटले हे त्यांनी सिद्ध केलेले नाही.

आपल्या देशातील दाखलाही बोलका आहे. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शाळांमध्ये 'सेहर' हा उपक्रम राबविला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत शिक्षकांपैकीच एकाला 'सेहर मित्र' नेमले, तर काहींत बाहेरून आणलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित व्यक्तीला. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत मुलांचे नैराश्य व दांडगाई दोन्ही घटली. शिक्षक नेमलेल्या शाळांत परिणाम दिसला नाही. शिक्षकांना कमी लेखण्याचे येथे कारण नाही. पण ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यापुढे मन मोकळे करण्यास मूल कचरणारच. हेच वडिलांच्या बाबतीतही थोडेबहुत खरे आहे.

मुलांची तयारी एका पाठशाळेत किंवा युवक मंडळात चार रविवारांत सुरू होऊ शकेल. मात्र प्रशिक्षण मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हवे आणि ऐकणाऱ्या मुलांचेही मन हलके करण्यास दरमहा कोणी असावे. सर्वांत हुशार मुले निवडण्याचा मोहही टाळावा. ज्याच्याशेजारी बसावेसे वाटते असे मूल बहुधा गुणवत्ता यादीत नसते. खरी अडचण आहे ती मोठ्यांची. "मनाच्या डॉक्टरकडे नेल्याचं कळलं तर मुलीची सोयरीक कशी जमेल?" हा प्रश्न अनेक घरांत उंबरठ्यावरच उपचार अडवतो. काविळीचे औषध घेताना कोणी सोयरिकीचा विचार करीत नाही.

पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही दुसरी भीती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. तेव्हा रुग्णालयात खरे सांगण्यास कचरू नये.

शासन आणि न्यायालयांनीही काही पावले टाकली आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी फेरपरीक्षेची सोय झाली. वर्ष वाया जाण्याची धास्ती त्याने पुष्कळ कमी केली. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असे म्हटले आहे, तसेच गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळण्यास सांगितले आहे. आपल्या गुणगौरव समारंभात ९० टक्क्यांच्या वरच्यांनाच व्यासपीठावर बोलावण्याची प्रथा यात बसते का, याचाही विचार विश्वस्तांनी करावा.

शेवटी एका संध्याकाळविषयी. मुलाचा मित्र दारात येऊन उभा राहतो. "काका, जरा बोलायचं होतं. तो सांगेल, मी फक्त बरोबर आलोय." त्या क्षणी "तुम्ही दोघांनी काय उद्योग केले?" हा प्रश्न गिळावा. दोघांना आत घ्यावे, पाणी द्यावे. मुलाचे पुरते ऐकावे आणि त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक तेथेच, मुलासमोर लावावा. जीवाला तातडीचा धोका वाटत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे. सकाळी दुकान थोडे उशिरा उघडले तरी चालेल. आणि तो जो मित्र दाराशी आला होता, त्याला घरापर्यंत सोडायला स्वतः जावे.