ऑफिसातील इंग्रजी : बोलण्याची पायरी ओळखा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व नोकरदार सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांसमोर नोकरीच्या ठिकाणी लागणाऱ्या इंग्रजीविषयी बोलणार आहे. विषय साधा वाटतो, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आपली अनेक मुले-मुली पदवी घेऊन बँकांत, खासगी कंपन्यांत, सरकारी कार्यालयांत रुजू होत आहेत. पुष्कळ घरांतून खुर्ची-टेबलावर बसून काम करणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांचे व्याकरण कच्चे असते असे नाही. तरीही पहिल्या मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही. वरिष्ठांचे मत बनते की, 'हुशार आहे, पण बोलत नाही.' पुढे बढतीच्या वेळी हेच मत आडवे येते. गप्प राहणाऱ्याला काही कळत नाही, असा समज करून घेतला जातो.

असे का होते? पाठ्यपुस्तकातले इंग्रजी एकाच पायरीचे असते, तर ऑफिसातले इंग्रजी दोन-तीन पायऱ्यांवर चढते-उतरते. ज्यांच्या घरात वडील, काका, मावशी ऑफिसात होते, त्यांच्या कानांवर ही भाषा जेवताना पडली. त्यांनी ती अभ्यासून मिळवली नाही, त्यांना ती वारशाने मिळाली. हा बुद्धीचा फरक नव्हे. आणि हा वारसा असा आहे की तो वाटला तरी कमी होत नाही.

मित्रांनो, पायऱ्यांचे ज्ञान आपणांस मराठीत आहेच. 'ये', 'या' आणि 'आपण यावे' यांत आपली गल्लत होत नाही. इंग्रजीत सगळ्यांना 'यू' म्हणतात, म्हणून तिथे मान-मरातब नाही असे आपल्याला वाटते. तो मान सर्वनामात नसतो, क्रियापदात असतो. 'सेंड मी द फाइल' ही आज्ञा झाली. 'कॅन यू सेंड मी द फाइल?' हे बरोबरीच्या सहकाऱ्याला चालते. 'कुड यू प्लीज सेंड मी द फाइल?' हे वरिष्ठांना आणि बाहेरच्या माणसाला शोभते. 'वुड यू माइंड सेंडिंग इट टुडे?' असे कोणी विचारले, तर मात्र सावध राहा. 'आपली हरकत आहे का?' असा तो प्रश्न आहे. 'येस' म्हणालात तर हरकत आहे असा अर्थ होतो. 'नॉट ॲट ऑल' हे योग्य उत्तर. तसेच साहेब 'यू मे वॉन्ट टू लुक ॲट धिस अगेन' म्हणाले, तर ती सूचना ऐच्छिक समजू नका. 'हे पुन्हा करून आणा' असेच ते सांगत असतात.

दुसरी गोष्ट शब्दांच्या जोड्यांची. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबाराची भाषा फ्रेंच आणि विद्वानांची लॅटिन राहिली, शेतकरी-कारागिरांची इंग्रजी. त्यामुळे एकाच गोष्टीला घरगुती आणि दरबारी असे दोन शब्द झाले. मराठीत 'विचारणे' आणि 'पृच्छा करणे' हा जसा भेद, तसाच हा. बोलताना 'पुट ऑफ', पत्रात 'पोस्टपोन'. बोलताना 'लुक इन्टू', अहवालात 'इन्व्हेस्टिगेट'. बोलताना 'फाइंड आउट', टिपणीत 'ॲसर्टेन'. या जोड्या वहीत समोरासमोर लिहून काढा.

पण दरबारी शब्द जितके जास्त तितके इंग्रजी चांगले, हा भ्रम नको. खुद्द ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' ही पुस्तिका लिहून घेतली. सरकारी नोकरांनी साधे, लोकांना कळेल असे लिहावे, हाच तिचा उद्देश. औपचारिक म्हणजे अवघड नव्हे. औपचारिक म्हणजे नेमके आणि अदबशीर.

तिसरी गोष्ट वाक्प्रचारांची. यांचा शब्दशः अर्थ लावला तर फसगत होते. 'लेट अस टच बेस टुमारो' म्हणजे उद्या थोडे बोलून घेऊ. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. हे दोन्ही अमेरिकेच्या बेसबॉलमधून आले. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' हे टेनिसचे. आता पुढची कृती तुम्ही करायची, असा त्याचा अर्थ. 'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड' म्हणजे बेत फसला, पुन्हा मुळापासून आखणी. १९४१ साली 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आलेल्या पीटर आर्नो यांच्या व्यंगचित्रामुळे तो प्रचारात आला. असे वाक्प्रचार तोंडी आणि ओळखीच्या माणसांत चालतात. अर्जात, निविदेत, कायदेशीर पत्रात ते घालू नयेत. ऐकून समजणे आधी, वापरणे नंतर.

चौथी गोष्ट आपल्याकडच्या इंग्रजीची. 'आय हॅव अ डाउट' असे आपण शंका विचारताना सहज म्हणतो. परदेशी ग्राहकाला मात्र आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटू शकते. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. 'टुडे मॉर्निंग' हे 'आज सकाळी'चे भाषांतर आहे, इंग्रजीत 'धिस मॉर्निंग'. 'डिस्कस अबाउट'मध्ये 'अबाउट' नको. 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' भारतात सर्वांना समजतात, बाहेर काहींना समजत नाहीत. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. समोर कोण आहे ते पाहावे, इतकेच.

एक वाक्य मात्र मी आपणांस कायमचे सोडायला सांगेन. रजेच्या अर्जात आजही काही जण 'आय मोस्ट हंबली बेग टु स्टेट' असे लिहितात. ही साहेबाच्या राज्यातल्या अर्जदाराची भाषा आहे. 'बेग' म्हणजे याचना. नियमाने मिळणारी रजा ही याचना नव्हे. 'आय रिक्वेस्ट लीव्ह फ्रॉम मंडे टू वेन्सडे' एवढे पुरे. नम्रता ठेवा, लाचारी टाका.

आता सर्वांत उपयोगी वाक्ये सांगतो. ती विचारण्याची आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत एका कागदावरून मोठा वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदवले आहे. ब्रिटिशांना तो कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे चर्चेला घ्यायचा होता. आपण 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' म्हणतो तसेच हे. अमेरिकनांच्या बोलण्यात 'टेबल' म्हणजे बाजूला ठेवणे. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, तरी ते भांडत राहिले! ज्यांची ती मातृभाषा, त्यांची जर ही अवस्था, तर आपण अर्थ विचारला म्हणून कमीपणा कसला? 'कुड यू प्लीज एक्सप्लेन व्हॉट यू मीन बाय दॅट?' असे शांतपणे विचारा. काम समजून घेतल्यावर म्हणा, 'लेट मी चेक दॅट आय हॅव अंडरस्टुड करेक्टली.' मत वेगळे असेल तर 'यू आर राँग' नको, 'आय सी इट अ लिटल डिफरंटली' म्हणा. कामाचे ओझे वाढले तर विचारा, 'व्हिच वन शुड आय टेक अप फर्स्ट?' आणि तोंडी हुकूम नियमाबाहेरचा वाटला तर, 'कुड आय हॅव दॅट इन रायटिंग, प्लीज?' या शेवटच्या वाक्याने अनेक प्रसंगी नोकरदाराचे रक्षण होते.

श्रोता पाहून भाषा निवडावी, हा धडा आपणांस नवा नाही. १९१९ साली डॉ. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे आपले म्हणणे इंग्रजीत मांडले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले ते मराठीत. एका भाषेसाठी त्यांनी दुसरी टाकली नाही. आपणही इंग्रजी शिकताना घरच्या बोलीचा संकोच बाळगू नये.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांनी पंचवीस-तीस वर्षे नोकऱ्या केल्या आहेत. ऑफिसात काय बोलावे, काय लिहावे, हे आपण ठेचा खात शिकलात. रविवारी एक तास द्या. खोटी मीटिंग भरवा, टेलिफोनवरचे संभाषण करून दाखवा, मुलांकडून ई-मेल लिहून घ्या आणि तपासा. विद्यार्थ्यांनी रोज फक्त दोन वाक्ये वहीत टिपावीत : कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणाले, यासह. वर्षाला सातशेवर वाक्ये होतील. ती मोठ्याने म्हणा, कारण जी वाक्ये जिभेवर बसली नाहीत, ती वेळेला आठवत नाहीत.

आपल्या मुलांना काम येते. त्यांचे काम त्यांच्या तोंडूनच सांगितले जावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.