वणीच्या कोळसाखाणींत आम्हीं काय पाहिलें

(साताऱ्याकडील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या सातारा-सांगलीच्या जमिनींत दगडी कोळसा नाहीं. खालीं सगळा काळा पाषाण. तरीहि कोळशाशीं आपला संबंध जुना आहे. मिरजेच्या स्टेशनांत आगगाड्यांनीं वर्षानुवर्षें धूर सोडला तो त्याचाच. आज तुमच्या विहिरीवरची मोटार केवळ कोयनेच्या पाण्यावर चालते असें कोणी समजूं नये. महाराष्ट्राची पुष्कळशी वीज चंद्रपुरासारख्या ठिकाणीं कोळसा जाळून होते. त्या कोळशावरची जमीन कोणाची होती आणि ती माणसें आज काय करतात, हें डोळ्यांनीं पाहावें म्हणून आम्ही चौघेजण वणीस जाऊन आलों.

वणी हा यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचा गांव, निर्गुडा नदीच्या कांठचा. पलीकडे वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा, म्हणजे जुना चांदा. बाजारांत कापूस, तूर, सोयाबीन. लोकनायक बापूजी अणे येथें १८८० सालीं जन्मले, हें आम्हांस उतरल्या उतरल्या तिघांनीं सांगितलें. कोळशाविषयीं मात्र आपण होऊन कोणी बोलेना. बोलावयाची गरजहि नव्हती. तो झाडांच्या पानांवर आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसलेला दिसतच होता. शेवटीं चहावाला म्हणाला, "तुमच्या इकडे ऊस पिकते, आमच्या इकडे कोयसा निंघते. पण ऊस तुमचा असते, कोयसा आमचा नसते."

राजुरास जुन्या भुयारी खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, घोन्सा या बाजूस उघड्या खाणी. उघडी खाण ज्यानें पाहिली नाहीं त्यास ती सांगणें कठीण. प्रथम वरची काळी माती काढतात, जी होण्यास हजारों वर्षें लागलीं. मग सुरुंग लावून दगड फोडतात. मग खालचा कोळसा. काढलेली माती आणि दगड बाजूस रचतां रचतां त्यांचे डोंगर होतात. आपल्याकडचे डोंगर देवानें केले, तिकडचे ट्रकांनीं. खड्ड्यांत पाणी सांठूं नये म्हणून तें रात्रंदिवस उपसावें लागतें, आणि जवळच्या विहिरी खालीं जातात. एका आजीनें आम्हांस भिंतीची भेग दाखविली व सुरुंगाची वेळ सांगितली. त्या वेळेस ती भांडीं फळीवरून काढून खालीं ठेवते.

या भागांतला कोळसा कांहीं आजचा नाहीं. शेजारच्या वरोऱ्यास इंग्रज अमलांत खाण निघाली, १८७७ सालीं वर्ध्याहून आगगाडी तेथवर आली, आणि १९०६ सालीं ती खाण बंदहि पडली. पुढें १९७३ च्या कायद्यानें खासगी खाणी सरकारनें घेतल्या व १९७५ पासून नागपुरची वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी, म्हणजे तिकडे ज्यास वेकोलि म्हणतात, ती कारभार पाहते.

आतां मुख्य गोष्ट ऐका. कोळशाची जमीन घेण्यास १९५७ चा निराळा कायदा आहे. सरकार प्रथम भारताच्या राजपत्रांत जाहीर करतें कीं या भागांत कोळसा शोधावयाचा आहे. मग जाहीर करतें कीं ही जमीन घ्यावयाची आहे. त्यावर हरकत घेण्यास तीस दिवस. मग शेवटची घोषणा, आणि जमीन सरकारची. राजपत्र हिंदी व इंग्रजींत छापतात. पूर्वीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे तें कुणब्यास कळत नसे, म्हणून जोतीरावांनीं शाळा काढल्या. नातवंडें शिकलीं, पण तीस दिवसांच्या आंत तें राजपत्र वाचणारा त्या गांवांत किती जणांस भेटला, हें आम्हीं विचारलें. एकानें सांगितलें, मोजणीवाले शेतांत उभे राहिले तेव्हां कळलें.

मोबदला २०१५ पासून नव्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानें मिळतो. तो पूर्वींपेक्षां बरा आहे. नोकरी मात्र दोन एकरांस एक. ज्याची जमीन कमी त्यानें दुसऱ्याशीं मिळून एक नांव द्यायचें. येथून भाऊबंदकी सुरू होते. तीन भावांत एक नोकरी. उरलेल्या दोघांनीं त्याच्या तोंडाकडे पाहावें! मुलीचें नांव कोणी दिलें का, असें विचारलें तेव्हां बैठकींतले पुरुष हंसले. बायका हंसल्या नाहींत.

आणि ज्याच्या नांवें सातबाराच नाहीं? रस्त्याच्या कडेला एक लोहार भेटला. वय साठीच्या पुढें. गांव उठलें तेव्हां घराची रक्कम मिळाली. परंतु ज्यांचे नांगर-वखर तो शेवटीत असे तीं माणसें चार दिशांस पांगलीं. आतां तो ट्रकांच्या पाट्यांचें काम करतो, मिळालें तर. भूमिहीनांस सहाय्य द्यावें असें कंपनीच्या धोरणांत लिहिलेलें आहे खरें. पण नोकरी एकरानें मोजतात, घणानें मोजीत नाहींत. न्हावी, कुंभार, सालदार, सर्वांची हीच कथा.

खाणीवर कायम नोकर वेगळे आणि ठेकेदाराचे मजूर वेगळे. कुठून कुठून आलेले. तेलगू, हिंदी, छत्तीसगढी, सर्व भाषा एका नळावर ऐकूं येतात. एक तरुण म्हणाला, आठवड्याची सुटी घेतली तर रोज बुडतो. आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे आठवले. जोतीरावांच्या या सहकाऱ्यानें मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं झगडून १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली. त्या तरुणास हें नांव ठाऊक नव्हतें. आम्हीं तें त्यास कागदावर लिहून दिलें.

आपल्या गांवीं धरण, कालवा, रस्ता, कांहींहि येऊं घातलें तर सातबाऱ्यावर बायकोचें नांव आहे का तें आधीं पाहा. आणि ज्यांचा सातबारा नाहीं अशा प्रत्येक घराचें नांव व धंदा ग्रामसभेच्या ठरावांत लिहून घ्या, मोजणीवाला येण्यापूर्वीं.

निघतांना त्या लोहारानें आम्हांस विचारलें, "तुमच्या इकडे धरणात गावं गेले, तवा लोहाराले काय भेटलं?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कोयना-वारणेच्या बुडालेल्या गांवांतून आलेलीं म्हातारीं माणसें या सभेंत असतील, त्यांनीं उठण्यापूर्वीं आम्हांस भेटावें. वणीस पत्र धाडावयाचें आहे.