मुलांसाठी चार पाने

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. गुरुजी स्वतः आधी लिहीत, हे ध्यानी घ्यावे.

आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची छायाचित्रे व गुणवंतांचे गुण छापले जातात. मुलांचे स्वतःचे एक वाक्यही नसते. गुण परीक्षक देतो, वाक्य मात्र मुलाचे असते. ते छापले जाणार म्हटले की मूल शब्द तोलून पाहते, आपली चूक आपणच खोडते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींसाठी पुढील अंकात चार पाने राखावीत. आजीची अहिराणी तेथे परकी ठरू नये. जागा अपुरी पडल्यास माझी जाहिरात मागे घेण्यास मी सिद्ध आहे.